ज्यांनी पाहिले ते गेल्यावर

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजी शिंदे वारले. त्याच वर्षी जूनमध्ये हरिपंत फडके गेले. पुढल्या मार्चात खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. मराठ्यांचे बहुतेक सगळे मोठे सरदार एका बाजूने, एका मैदानात उभे राहिल्याची ती शेवटची वेळ. त्याच ऑगस्टात महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचे निधन झाले आणि ऑक्टोबरात सवाई माधवरावांचे. १७९७ मध्ये तुकोजी होळकर गेले, १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन पडले आणि १३ मार्च १८०० रोजी नाना फडणिसांनी देह ठेवला. सहा वर्षांत एक अख्खी फळी संपली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या दारात उभी करून घेतली.

शाळेत आपण हा सारा काळ दुर्दैव म्हणून शिकतो, किंवा एका माणसाच्या दुर्गुणांची कथा म्हणून. पण या माणसांची जन्मसाले शेजारी शेजारी मांडली की वेगळेच काही दिसू लागते. पानिपतच्या वेळी नाना जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. आईला आणि बायकोला घेऊन ते लष्कराबरोबर गेले होते; परत आले तेव्हा आई हरवलेली होती. महादजींचा पाय त्या पळापळीत कायमचा अधू झाला आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवले म्हणून ते जगले. १४ जानेवारी १७६१ ही तारीख या दोघांनी आयुष्यभर अंगावर वागवली. त्यांच्यानंतर ज्यांच्या हाती दौलत आली त्यांपैकी दुसरा बाजीराव १७७५ चा, यशवंतराव होळकर १७७६ चा आणि दौलतराव शिंदे १७७९ चा. तिघेही पानिपतनंतर चौदा ते अठरा वर्षांनी जन्मलेले. आपसातल्या फुटीने काय होते ते त्यांनी पोवाड्यांत आणि बखरींत ऐकले होते. पाहिलेले नव्हते.

या पुस्तकाचा विषय हा आहे. एखादे संकट भोगलेली माणसे जोवर जिवंत असतात तोवर समाज एका तऱ्हेने वागतो, आणि ती गेली की हळूहळू दुसऱ्या तऱ्हेने वागू लागतो. राज्ये, पेढ्या, घराणी, चळवळी, कायदे अशा फार वेगवेगळ्या ठिकाणी हे घडताना दिसते. म्हणूनच इतिहासात चक्र आहे असे माणसाला पुन्हा पुन्हा वाटत आले आहे. चक्राची ही ओढ जुनी आहे आणि तिच्यात धोकाही आहे, कारण एकदा चक्र मानले की पुढचे भविष्य सांगण्याचा मोह आवरत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो की या पानांत भविष्य नाही. माझे म्हणणे एवढेच की या पुनरावृत्तीला कारण आहे, ते कारण तपासता येते, आणि ज्या सिद्धान्तात कारण सांगितलेले नाही, नुसती वर्षे मोजलेली आहेत, त्यावर विश्वास ठेवू नये.

हे कारण सर्वांत स्वच्छ मांडणारा माणूस म्हणजे इब्न खल्दून. जन्म १३३२, गाव ट्युनिस. काळाची कल्पना यावी म्हणून सांगायचे तर त्याच्या वयाच्या पंधराव्या वर्षी आपल्याकडे दौलताबादला बहमनी राज्याची स्थापना होत होती. त्याचे घराणे मूळचे स्पेनमधल्या सेव्हिलचे. ख्रिस्ती राजांचा फास आवळत चाललेला पाहून १२४८ मध्ये ते शहर पडण्याआधीच त्याचे पूर्वज समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना प्लेगची मोठी साथ आली आणि तिने त्याचे आईबाप आणि बरेचसे गुरू नेले. पुढली पंचवीस वर्षे फेज, ग्रानादा, बिजाया अशा दरबारांत गेली. कधी तो चिटणीस होता, कधी वजीर, कधी वकील. एकदा जवळजवळ दोन वर्षे तुरुंगातही होता. १३६४ मध्ये तो वकिलातीवर सेव्हिलला गेला, तेव्हा तिथल्या पेद्रो राजाने वडिलोपार्जित जमिनी परत करतो, इथेच राहा, असे त्याला सुचवले. त्याने ते नाकारले. इतकी राज्ये इतक्या जवळून उठताना आणि बसताना पाहिलेला दुसरा इतिहासकार मला तरी ठाऊक नाही.

१३७५ मध्ये या सगळ्याला विटून तो आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्न सलामा या डोंगरी गढीत जाऊन राहिला. जवळपास चार वर्षे तो तिथे होता. तिथेच १३७७ मध्ये पाच महिन्यांत त्याने 'मुकद्दिमा' लिहून काढली. जगाच्या इतिहासाचा एक प्रचंड ग्रंथ त्याला लिहायचा होता आणि ही त्याची प्रस्तावना. मूळ ग्रंथ आज अभ्यासकांपुरता उरला आहे. प्रस्तावना साऱ्या जगाने वाचली. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ मधली पत्रे होती आणि त्याला संपादक वि. का. राजवाड्यांची प्रस्तावना होती. आजही त्या खंडाचे नाव निघाले की आधी प्रस्तावनाच आठवते.

इब्न खल्दूनचे म्हणणे थोडक्यात असे. राज्य उभे राहते ते असबिय्याच्या बळावर. असबिय्या म्हणजे एका गटातल्या माणसांची एकमेकांसाठी जीव टाकण्याची तयारी. ही तयारी हालाखीत वाढते. वाळवंटात, डोंगरात, जिथे शेजाऱ्यावाचून रात्र निघत नाही, तिथे ती माणसांच्या हाडीमाशी असते. अशी एखादी टोळी सुखवस्तू शहरावर चालून येते, जिंकते आणि गादीवर बसते. आता पहिल्या पिढीच्या अंगात वाळवंट अजून असते. दुसरी पिढी शहरात वाढते, पण बापाला तिने घोड्यावर पाहिलेले असते. काय कमावले आणि कसे, ते तिला कळते. दरम्यान सत्ता एका माणसाच्या हाती जमा होते, जुने सोबती बाजूला पडतात आणि आपण याचे भागीदार आहोत ही भावना विझते. तिसऱ्या पिढीला वाळवंट अजिबात आठवत नाही. आपल्या संरक्षणासाठी ती भाडोत्री फौज ठेवते. त्यांचा पगार द्यायचा म्हणून कर वाढतात. कर वाढले की शेतकरी आणि व्यापारी हात आखडतात आणि वसूल घटतो. राज्याच्या आरंभी हलके कर भरपूर पैसा देतात आणि अखेरीला जबर कर थोडका पैसा देतात, हे त्याचे निरीक्षण सहाशे वर्षांनीही अर्थशास्त्रज्ञ उद्धृत करतात. मग वाळवंटातून नवी टोळी येते. चाळीस वर्षांची एक पिढी धरून तो राज्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे एकशेवीस वर्षांचे मानतो.

त्याच्या डोळ्यांसमोर दाखले होते. सहारातून आलेल्या अल्मोराविदांनी मराकेश शहर वसवले. ११४७ मध्ये ते त्यांच्याकडून अ‍ॅटलास पर्वतातल्या अल्मोहादांनी घेतले. १२६९ मध्ये अल्मोहादांकडून मरिनी टोळीने घेतले. मरिनींच्या पडत्या काळात तर त्याने स्वतः चाकरी केली होती.

घराण्याच्या प्रतिष्ठेविषयी त्याने जे लिहिले आहे ते मला त्याच्या राज्यसिद्धान्ताहून खोल वाटते. प्रतिष्ठा चार पिढ्या टिकते, असे तो म्हणतो. उभारणाऱ्याला तिची किंमत माहीत असते. मुलगा बापाच्या सहवासात राहून शिकतो, पण स्वतः केलेले आणि दुसऱ्याकडून शिकलेले यांत अंतर पडतेच. नातू रीत म्हणून सारे पाळतो. का, ते त्याला माहीत नसते. आणि पणतू समजतो की हे सगळे आपल्या रक्तातच आहे, लोक आपल्याला मुजरा करतात तो जन्मामुळे. ते कष्टाने मिळाले होते हेच त्याला ठाऊक नसल्याने तो लोकांशी तुसडेपणाने वागू लागतो आणि लोक दुसऱ्या घराकडे वळतात. या मांडणीत नैतिक अधःपतन कुठेच नाही. चौथ्या पिढीतला माणूस पहिल्याहून वाईट असतो असे इब्न खल्दून म्हणत नाही. त्याला माहिती कमी असते, एवढेच.

माहिती कमी असणे म्हणजे नेमके काय, हे त्याने एका गोष्टीतून सांगितले आहे, आणि तिची सुरुवात आपल्या देशाशी निगडित आहे. इब्न बतूता हिंदुस्थानातून परतला आणि मोरोक्कोच्या दरबारात मुहम्मद तुघलकाच्या कथा सांगू लागला. सुलतान मोहिमेवर निघताना राजधानीतल्या रहिवाशांची मोजणी करून त्यांच्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय करतो, परतताना यंत्राने सोन्यारुप्याच्या थैल्या गर्दीत फेकतो, असे तो सांगे. लोक म्हणाले, हा खोटे बोलतो. तरुण इब्न खल्दूनलाही तसेच वाटले. तेव्हा एका वृद्ध वजिराने त्याला सांगितले की, पाहिले नाही म्हणून नाकारू नकोस. एक वजीर होता, त्याला राजाने कित्येक वर्षे कैदेत ठेवले, त्याचा मुलगा कैदेतच वाढला. मुलाने एकदा विचारले, आपण खातो ते मांस कशाचे? बाप म्हणाला, मेंढीचे. मेंढी म्हणजे काय? बापाने शिंगे, लोकर, खूर सगळे वर्णन केले. मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखी? कारण त्या कोठडीत त्याने उंदराशिवाय दुसरा प्राणी पाहिलेलाच नव्हता.

बापाने वर्णनात काही कसूर केली नव्हती आणि मुलगाही मंदबुद्धीचा नव्हता. पिढ्यापिढ्यांमधली सगळी अडचण या कोठडीत आहे. आम्ही भोगले ते मुलांना नीट सांगितले नाही म्हणून ती विसरली, असे वडीलधारे म्हणतात. नीट सांगूनही मेंढीचा उंदीर होतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

इब्न खल्दूनचे पुढले आयुष्यही सोपे गेले नाही. १३८२ मध्ये तो इजिप्तला गेला, कैरोचा काझी झाला. १३८४ मध्ये त्याच्याकडे यायला निघालेले त्याचे कुटुंब जहाज फुटून बुडाले. १४०१ मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा घातला असताना हा सत्तरीकडे झुकलेला म्हातारा दोराने तटावरून खाली उतरला आणि तैमूरच्या तंबूत जाऊन बसला. राज्ये कशी उभी राहतात यावर ज्याने ग्रंथ लिहिला त्याला राज्य उभे करणारा माणूस प्रत्यक्ष पाहायचा होता. तैमूरने त्याच्याकडून उत्तर आफ्रिकेचे सविस्तर वर्णन लिहून घेतले. त्यानंतर पाच वर्षांनी, १४०६ मध्ये, तो कैरोत वारला.

त्याच्या आधी दीड हजार वर्षे ग्रीक इतिहासकार पोलिबियसने राज्यपद्धतींचे चक्र मांडले होते. राजा चांगला असतो, त्याचे वारस जुलमी होतात. जुलमाविरुद्ध उठलेले श्रेष्ठी चांगले असतात, त्यांची मुले लोभी निघतात. मग लोक सत्ता घेतात, आणि त्यांच्या नातवंडांना समतेची इतकी सवय झालेली असते की तिची किंमत वाटेनाशी होते. या मांडणीतही चाक फिरवणारी शक्ती तीच आहे. प्रत्येक वेळी सूत्र अशा मुलांच्या हाती जाते ज्यांनी आधीचा जाच सोसलेला नसतो. दोघांची भाषा, धर्म आणि शतके वेगळी. तरी बोट एकाच जागी ठेवले गेले, याला मी महत्त्व देतो.

आता या विषयावरचे जे मत सध्या सर्वाधिक पसरलेले आहे त्याविषयी. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या दोन अमेरिकनांनी १९९१ मध्ये 'जनरेशन्स' आणि १९९७ मध्ये 'द फोर्थ टर्निंग' ही पुस्तके लिहिली. सुमारे ऐंशी वर्षांचे एक आवर्तन, त्यात वीस-वीस वर्षांचे चार ऋतू, चौथा संकटाचा. आणि ऋतूगणिक ठरावीक स्वभावाची एक पिढी, असा तो आराखडा. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, मग यादवी युद्ध, मग महामंदी आणि दुसरे महायुद्ध, अशी संकटे ते ओळीने दाखवतात. अंतरे जवळपास जुळतातही. पण यादवी युद्धाशी आल्यावर हिशेब बसेना, तेव्हा त्या आवर्तनात चारऐवजी तीनच पिढ्या झाल्या, एक प्रकारची पिढी तयारच झाली नाही, असे त्यांनी ठरवले. माझा विश्वास इथे संपतो. वस्तुस्थिती आराखड्यात मावत नाही म्हणून एक पिढी वगळणे हा अभ्यास नव्हे. शिवाय माणसे दर वर्षी जन्मतात. वीस वर्षांनी एकदम एक गठ्ठा जन्मत नाही, मग पिढीची सीमारेषा ओढायची कुठे? याचे उत्तर कार्ल मानहाइमने १९२८ मध्येच देऊन ठेवले आहे. पिढी जन्मसालाने बनत नाही. तारुण्यात, मन घडत असताना, एकाच मोठ्या घटनेच्या तडाख्यात सापडलेल्या माणसांची पिढी बनते. म्हणजे घटना पिढी घडवते, आणि घटना पंचांग पाहून येत नाहीत.

पंचांगातले चक्र आपल्याला परके नाही. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे आपण अजून गुढीपाडव्याला वाचतो आणि साठी झाली की शांत करतो. त्या मोजणीचा आधार गुरूच्या भ्रमणाला आहे आणि गुरू खरोखरच फिरतो. समाजाला तसा ग्रह नाही. चार युगांची कल्पना तर माणसाच्या पिढ्यांशी तोलताच येत नाही, एकट्या कलियुगाची वर्षे चार लाख बत्तीस हजार आहेत. म्हणून या पुस्तकात मी दोन्ही बाजूला ठेवली आहेत.

इब्न खल्दूनची मांडणी मात्र पेशवाईवर लावून पाहण्याजोगी आहे, कारण ती कुठे बसते आणि कुठे मोडते, दोन्हींतून शिकायला मिळते. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. बाजीराव त्या स्वारीत वडिलांबरोबर होता. विसाव्या वर्षी पेशवा झाला आणि पुढली वीस वर्षे घोड्यावरच होता. नानासाहेब तिसरे. पर्वती, कात्रजचे पाणी, पुण्याच्या पेठा यांतून शहर घडवणारे, मोहिमा दुसऱ्यांवर सोपवणारे. इथवर 'मुकद्दिमा'तले पान वाचत असल्यासारखे वाटते. चौथी पिढी उधळी निघायला हवी. निघाले ते माधवराव.

सोळाव्या वर्षी गादी, डोक्यावर पानिपत आणि कर्ज, घरात काका. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव, मग हैदरावरच्या स्वाऱ्या, रामशास्त्र्यांना दिलेला न्यायाचा मोकळा अधिकार. आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने मृत्यू. शेवटच्या आजारातही दौलतीचे कर्ज फेडण्याची चिंता त्यांनी सोडली नाही. चौथ्या पिढीत पहिल्या पिढीचा माणूस कसा निपजला? मला याचे एकच उत्तर पटते. पानिपतने गणती पुन्हा एकपासून सुरू केली. जे आयते मिळाले असे वाटत होते ते एका दिवसात जाऊ शकते, हे त्या वयाच्या सगळ्यांनी पाहिले. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा बारभाईंनी दौलत सावरली, ती याच माणसांनी. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमवणारे हेच, आणि पुढल्या वर्षी हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांना एका कटात आणणारे नानाच. महादजी आणि नाना यांचे एकमेकांशी पटत नसे. तरी ताणायचे कुठवर, हे दोघांना ठाऊक होते.

ती मर्यादा १८०१ मध्ये सुटली. दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी होळकर याला हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव सूडाला पेटला, ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीराव वसईला पळाला. पुढच्याच वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिला. १८०४ मध्ये होळकर लढला तेव्हा शिंद्यांनी तह करून झाला होता. यशवंतरावाच्या शौर्याविषयी शंका नाही, आणि इंग्रजांचा धोका त्याला कळला नव्हता असेही नाही. ते कळणे एक वर्ष उशिरा आले, आणि त्या एका वर्षात सारे गेले.

पण इब्न खल्दून ज्याची कल्पना करू शकला नव्हता ती गोष्ट समोरच्या बाजूला होती. पेशवाई बुडवायला वाळवंटातून टोळी आली नाही, कंपनी आली. कंपनीला पिढ्या नव्हत्या. पुण्याच्या रेसिडेन्सीत मॅलेट, पामर, क्लोज, एल्फिन्स्टन असे एकामागून एक आले. कोणी कोणाचा मुलगा नव्हता. प्रत्येकाने आधीच्याची दप्तरे वाचली आणि पुढच्यासाठी लिहून ठेवले. वशिले तिथेही होते. गव्हर्नर जनरल वेलस्लीने आपले दोन भाऊ इथे मोठ्या कामांवर लावले होते. पण त्याने खर्च बेसुमार वाढवला तेव्हा १८०५ मध्ये त्याला परत जावे लागले. लढाया जिंकून देणाऱ्या माणसाला हिशेबासाठी माघारी बोलावता येणे, हे शनिवारवाड्यात शक्य नव्हते. शिवाय दर वीस वर्षांनी कंपनीला आपली सनद पार्लमेंटकडून नवी करून घ्यावी लागे. १७९३, १८१३, १८३३, १८५३ अशा दर खेपेला नव्या माणसांसमोर जुना कारभार उघडा पडे. कंपनी नीतिमान होती असे मी म्हणत नाही. ती काय होती ते बंगालच्या दुष्काळाने दाखवले आहे. तिने आठवण माणसांकडून काढून कागदावर आणि नियमात ठेवली होती, आणि त्यामुळे शिंदे-होळकरांची नातवंडे एका बाजूला आणि दोनशे वर्षांची दप्तरे दुसऱ्या बाजूला असा तो सामना झाला.

आठवण माणसाबाहेर ठेवता येते का, हा या पुस्तकाचा दुसरा प्रश्न तिथून निघतो. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाचे एक खेडे आहे. १८९६ च्या त्सुनामीत तिथली दोन माणसे वाचली. गाव पुन्हा किनाऱ्यालाच वसले. १९३३ च्या लाटेत चार वाचली. सदतीस वर्षांत, म्हणजे इब्न खल्दूनच्या एका पिढीच्या आत, माणसे पाण्याकडे परतली होती, कारण रोजची मासेमारी तिथे होती आणि लाट क्वचित येणारी. दुसऱ्या खेपेनंतर गावाने डोंगरउतारावर एक दगड उभा केला आणि याच्या खाली घर बांधू नये असे त्यावर कोरले. ११ मार्च २०११ ला त्या खोऱ्यात पाणी एकोणचाळीस मीटरच्या आसपास चढले आणि दगडाच्या अलीकडे सुमारे शंभर मीटरवर थांबले. वरची घरे वाचली. त्या किनाऱ्यावर असे दगड आणखीही आहेत. सगळीकडे लोकांनी ऐकले असे झाले नाही. आनेयोशीचा दगड आठवण करून देण्यावर थांबला नाही. घर कुठे बांधायचे हे त्याने ठरवून टाकले. नातवाला लाटेची भीती वाटो न वाटो, घर वर बांधायचे एवढे त्याला माहीत होते.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा दाखला १९७२ च्या दुष्काळाचा. पाझर तलाव, नाला बंडिंग आणि रस्त्यांच्या कामांवर त्या काळी माणसे खडी फोडत होती. ऐन कडाक्यात कामावर असलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या घरात गेला होता. अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, आणि पोरांना सुकडी, हे ज्यांनी खाल्ले ते अजून तिची चव सांगतात. बागायतदार आणि भूमिहीन एकाच ढिगावर हातोडा घेऊन बसले, हे मराठवाड्यात कित्येक गावांनी पाहिले. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्याला राज्यभर नेले. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत मिळाले नाही तर भत्ता. पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून. खेड्यातल्या मजुरासाठी मुंबईच्या पगारदाराने कर द्यावा हे तेव्हा सर्वांना मान्य झाले, कारण सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आपल्या मतदारसंघात ती खडी पाहिली होती. पुढे २००५ मध्ये देशाने जो कायदा केला त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

मला काळजी वाटते ती इथे. तो कायदा ज्यांनी केला, राबवला आणि ज्यांच्या चुली त्यावर पेटल्या, त्या तिन्ही थरांतली माणसे आता निघून चालली आहेत. आज ज्याच्या हाती तालुक्याचे पाणी आहे त्याने टँकर पाहिले आहेत, गावच्या गाव कामाच्या शोधात रस्त्याला लागलेले पाहिलेले नाही. १९७२ ला विहिरीत पाणी होते, कोठारात धान्य नव्हते. आज धान्य आहे आणि जमिनीखालचे पाणी गेले आहे. पुढला दुष्काळ जुन्यासारखा दिसणार नाही, म्हणून जुना आठवून काय उपयोग, असेही मला विचारले जाते. उपयोग असा की, संकटात सरकारने काय करायला हवे आणि आपण एकमेकांचे किती लागतो, याची मोजदाद त्या पिढीने एकदा केलेली आहे. ती मोजदाद हरवली तर नव्या लोकांना ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, आणि ती नेहमी भुकेच्या दिवसांतच करावी लागते.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात इब्न खल्दूनची मांडणी, दुसऱ्यात पेशवाई व शिंदे-होळकरांची घराणी, तिसऱ्यात नियमांत साठवलेली आठवण म्हणजे सनदा, दगड आणि कायदे, आणि चौथा भाग १९७२ चा. हा चौथा भाग हवा तितका मोठा झालेला नाही. तेव्हा पंधराव्या वर्षी हजेरीपटावर अंगठा उठवणारी मुलगी आज सत्तरीच्या आसपास आहे. खडी केंद्रावरचे मुकादम, मस्टर कारकून, सुकडी शिजवणाऱ्या बाया याहून वयाने मोठ्या. त्यांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेण्याचे काम येत्या दहा वर्षांतच होऊ शकते, आणि ते गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांनी हाती घेतले तरच होईल. मजुरी किती मिळे, कशी मोजत, कामावर कोण कोणाशेजारी बसे, घरातले काय विकले, कोण परगावी गेले आणि कोण परत आले नाही, असे काय काय विचारता येईल याची एक प्रश्नावली शेवटी जोडली आहे. ती कोणीही उतरवून घ्यावी, तिच्यात भर घालावी आणि कामाला लागावे.